पुणे–नागपूर ६०५ किमी, विमान दीड तासाचं; मग घरी पोचायला पावणेसात तास का लागतात?

ओसरी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत आले, आज विचारावंसंच वाटलं.

मी कोथरूडला राहते, माहेर नागपूरचं. आई त्रिमूर्तीनगरला एकटी असते, वय ७६. मागच्या आठवड्यात न्हाणीघरात पाय घसरून तिचं मनगट मोडलं. शेजारच्या काकूंचा दुपारी दोनला फोन आला आणि मी मिळेल ते पहिलं तिकीट काढलं, संध्याकाळी ७:३५ चं. तिकिटावर प्रवासाची वेळ १ तास ३० मिनिटं. नकाशावर मोजलं तर दोन विमानतळांत सरळ रेषेत साधारण ६०५ किलोमीटर.

आता प्रत्यक्षातला हिशोब. घरातून ४:१० ला निघाले. गुंजन चौकातच अर्धा-पाऊण तास गेला, लोहगावच्या विमानतळावर पोचायला ५:४० झाले. विमान ५५ मिनिटं उशिरा, ८:३० ला जागचं हललं. चाकं सुटली ८:४४ ला, नागपूरच्या धावपट्टीवर टेकली ९:४२ ला. म्हणजे हवेत फक्त ५८ मिनिटं! पट्ट्यावर बॅग यायला १०:१० आणि टॅक्सी मिळून घराच्या दारात १०:५०. एकूण सहा तास चाळीस मिनिटं.

दोन प्रश्न आहेत. हवेत ५८ मिनिटं लागतात तर तिकिटावर दीड तास कशाला लिहितात? आणि दुसरा खरा प्रश्न: पुन्हा असा फोन आला तर आईपर्यंत लवकरात लवकर कसं पोचायचं? विमान, रेल्वे, गाडी, काय ते अनुभवाने सांगा.

तर्री_पोहे
आई आता कशा आहेत ते आधी सांगा.

बाकी, पुणेकराला 'विमानतळ किती लांब' विचारलं तर तो किलोमीटर सांगत नाही, चौक मोजतो. तुमचा तर एकच चौक पाऊण तासाचा निघाला.

ओसरी
बरी आहे. प्लास्टर आहे, सहा आठवडे. उजवा हात आहे म्हणून जास्त चिडचिड.

खिडकीची_जागा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. कामानिमित्त महिन्याला चार-पाच विमानं होतात, आणि हे कोडं मलाही छळायचं.

तिकिटावरची वेळ ही हवेतली नसतेच. विमान आपल्या जागेवरून हलतं तिथून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहतं तिथपर्यंतची ती वेळ. ६०५ किलोमीटर जेट विमानाच्या ताशी ८३० च्या वेगाने कापले तर ४४ मिनिटं होतात. पण विमान तो वेग गाठतं वर गेल्यावर. १० हजार फुटांच्या खाली साधारण २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. इतक्या छोट्या प्रवासात चढायला वीसेक मिनिटं, उतरायला वीसेक मिनिटं, मधली सपाटी जेमतेम. चहा वाटायला सुरुवात होते आणि कॅप्टन पट्टे बांधा म्हणतो, ते त्याचमुळे. म्हणून ४४ चे ५५-६० होतात.

त्यात पुण्यात धावपट्टीच्या टोकापर्यंत जायला आणि रांगेत थांबायला १०-१५ मिनिटं, नागपूरला उतरल्यावर पाच. झाली सव्वा तासाची बेगमी. वरची १०-१५ मिनिटं कंपनी हाताशी ठेवते. ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर आलं असं धरतात, त्यामुळे थोडी ढील सगळेच ठेवतात.

लोहगावचं आणखी एक आहे. तो मुळात हवाई दलाचा तळ. धावपट्टी त्यांची, नियंत्रणही त्यांचं. लढाऊ विमानं निघाली की प्रवासी विमान थांबतं. शिवाय धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेकडे तोंड करून उडालं की नागपूरसाठी वळून यावं लागतं.

नकाशावेडा
६०५ बरोबर आहे, मीही मोजलं. पट्टी ठेवून रेघ मारा. पुण्याहून निघून पैठणच्या खालून गोदावरी ओलांडायची, जालना डावीकडे ठेवायचं, मग बरोबर वाशीमच्या डोक्यावर. तिथून यवतमाळ उजव्या हाताला आणि वर्धा शहराच्या किंचित वरून नागपूर. खिडकी उजवीकडची मिळाली आणि आभाळ स्वच्छ असलं तर पहिल्या निम्म्या वाटेत गोदेचा पट्टा दिसतो.

आता रेल्वेची रेघ मारा. दौंड, अहिल्यानगर, मनमाड, म्हणजे आधी सरळ उत्तरेला. मग जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा. ८८१ किलोमीटर. विमानाच्या जवळजवळ दीडपट! रूळ टाकले तेव्हा मुंबईहून नागपूर जोडायचं होतं, पुण्याहून नाही. पुणेकर मनमाडला जाऊन त्या मुंबईच्या रेघेला लागतो. मराठवाड्याच्या पोटातून सरळ पूर्वेला जाणारी वाट रेल्वेला मिळालीच नाही. वाशीमच्या माणसाच्या डोक्यावरून पुणे–नागपूर विमान जातं आणि पुण्याची थेट गाडी त्याच्या नशिबी क्वचितच. मला हे फार लागतं, कारण मी वाशीमचा.

गजानन_कृपा
रेल्वेची बाजू कोणीतरी मांडायला हवी. १० ऑगस्ट २०२५ पासून पुणे–अजनी (अजनी म्हणजे नागपूरचंच स्थानक) वंदे भारत सुरू झाली आहे. सकाळी पुण्याहून निघते, बारा तासांत अजनीला. रात्रीच्या गाड्यांना चौदा-पंधरा तास धरा. तास जास्त आहेत, मान्य. पण त्यात झोप आहे. संध्याकाळी जेवून गाडीत बसायचं, सकाळी बडनेऱ्याला डोळा उघडतो, वर्ध्याला तोंड धुवायचं, नऊ-दहाला घरी. ताईंनी विमानाने जे पावणेसात तास घालवले त्यात एक मिनिट डोळा लागला का?

ओसरी
नाही लागला. पण त्या दिवशी गाडीतही लागला नसता, काका.

चालकमालक
समृद्धी महामार्ग विसरलात काय सगळे? नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. सगळा ७०१ किलोमीटर, गाडीला ताशी १२० ची मुभा. पुणे त्यावर नाही हे खरं. आपण अहिल्यानगरवरून छत्रपती संभाजीनगरला जायचं, साधारण २३५ किलोमीटर, आणि तिथे वर चढायचं. पहिल्या २३५ ला पाच तास आणि पुढच्या साडेचारशेला पाच तास, असं ते गणित. रांजणगाव, शिरूर, सुपा हाच खरा प्रवास. जालना गेलं की नुसता रस्ता आणि आभाळ.

पहाटे साडेचारला निघालो तर दुपारी अडीच-तीनला नागपूरच्या वाडीत असतो. विमानाच्या सीटची, तिकिटाच्या भावाची, कशाची चिंता नाही. परत येताना आईला, तिच्या कुंड्यांना, लोणच्याच्या बरणीला, सगळ्यांना घेऊन येता येतं.

अनाहूत
मला वेगळंच वाटतं. ७६ वर्षांच्या आईला एकटं ठेवून ६०५ की ८८१ हे मोजत बसण्यापेक्षा त्यांना पुण्याला आणा. प्रश्नच मिटेल.

ओसरी
अनाहूत, तुम्ही चांगल्या मनाने म्हणताय हे कळतं. मी दोनदा आणलं तिला. पहिल्या वेळी पंधरा दिवस राहिली, दुसऱ्या वेळी अकरा. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत बसून विचारायची, इथे कोणाला हाक मारायची? त्रिमूर्तीनगरला सकाळी फाटकात उभी राहिली की दूधवाल्यापासून शाळेच्या मुलांपर्यंत दहा माणसं बोलतात. बाबांनी लावलेला पारिजातक आहे. तिला तिथून उपटायचं आणि माझी काळजी कमी करायची, हे मला जमणार नाही. त्यापेक्षा मी माझे तास कमी करीन.

सोनेगावचा_सोन्या
ताई, एकदम बरोबर केलं. माह्या आजीला भावाने मुंबईले नेलं होतं, दर दोन दिवसानं फोन करून विचारे, काऊन रे, आंब्याले मोहोर आला का?

अन् एक सांगतो. नागपुरात उतरल्यावर वेळ वाचवायचा असंन तर बॅग पोटात टाकूच नका. हातात सात किलो, बस्स. आपलं विमानतळ लहान आहे, दार उघडल्यावर दहा-पंधरा मिनिटांत माणूस बाहेर. त्रिमूर्तीनगर त पाच-सहा किलोमीटर आहे. बॅगेच्या पट्ट्यापाशी उभं राहून अर्धा तास घालवला तुम्ही, इतक्यात आई दोनदा भेटल्या असत्या.

तर्री_पोहे
मे महिन्यात नागपूर आलं हे कॅप्टनला सांगावं लागत नाही. दार उघडलं की हवाच सांगते.

वातकुक्कुट
मी हवामान खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं पुण्याच्या सिमला ऑफिसात गेली. (खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात. रिक्षावाल्यांनासुद्धा चौक त्याच नावाने ठाऊक.)

वाऱ्याचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहितो. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर दहा-अकरा किलोमीटर उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. उत्तर भारतावर त्याचा मुख्य झोत, पण त्याची झळ विदर्भापर्यंत पोचते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पुण्याहून नागपूरला जाताना वारा पाठीशी आणि येताना तोंडावर. इतक्या छोट्या अंतराला फरक पाच-सात मिनिटांचाच, पण तो दिसतो. ओसरीताई, जाण्या-येण्याच्या वेळा टिपून ठेवा, तुम्हालाही आढळेल.

पावसाळ्यात गंमत उलटते. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारा झोत तयार होतो. १९५८ साली पी. कोटेश्वरम या आपल्याच शास्त्रज्ञाने त्यावर मूलभूत लिखाण केलं, जगभर त्याचा दाखला देतात. आपल्या मॉन्सूनशी त्याचा घट्ट संबंध आहे. खाली नैर्ऋत्येचा वारा, वर पूर्वेचा. एकाच आभाळात दोन उलट नद्या. विमानात बसलो की मी अजून मनातल्या मनात वरच्या वाऱ्याचा तक्ता मांडतो.

थेम्सकाठी
वातकुक्कुट काका, हे आमच्या रोजच्या जगण्यातलं आहे. मुंबई–लंडन साधारण ७,२०० किलोमीटर. लंडनहून मुंबईला येताना नऊ तासांच्या आसपास, परत जाताना तास-दीड तास जास्त. अंतर तेच. आई म्हणते, 'येताना तुला घाई असते म्हणून विमान लवकर येतं.' मी तिला वाऱ्याचं समजावणं सोडून दिलंय.

आणि नुसता वाराच नाही. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. उत्तरेकडून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना तेव्हापासून वळसा घालून अरबी समुद्रावरून जावं लागलं. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं. दोन शहरं होती तिथेच आहेत, मधली वाट मात्र माणसांच्या भांडणाने लांबते.

माझे वडील गेले तेव्हा मी हीथ्रोच्या दारात उभा होतो. म्हणून ओसरीताईंचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. त्यावर लिहा सगळ्यांनी.

टपालवाला
दुसऱ्या प्रश्नाकडे येतोच, पण नागपूरचं नाव निघालं म्हणून एक आठवण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझी पस्तीस वर्षं टपाल खात्यात गेली, आणि माझे वडीलही तिथलेच.

१९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर एकेक डकोटा विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला चारही सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल. मुंबईच्या विमानातली मद्रासची थैली मद्रासच्या विमानात, कलकत्त्याच्या विमानातली दिल्लीची थैली दिल्लीच्या. मग जो तो आपल्या गावाला परत, उजाडायच्या आत. त्याच वर्षी १ एप्रिलपासून साधी पत्रंसुद्धा जादा पैसे न घेता विमानाने न्यायला सुरुवात झाली. आज संध्याकाळी मद्रासला टाकलेलं पत्र उद्या दिल्लीत! १९७० च्या दशकापर्यंत ती सेवा चालली.

वडील सांगायचे, थंडीच्या रात्री धावपट्टीच्या कडेला शेकोटी नसे, तेलाच्या भीतीने. मंडळी थैल्यांवरच बसून ऊब घ्यायची. चारही दिशांनी आवाज येऊ लागला की उठायची. कुठलं आधी आलं ते कानावरून ओळखायची पैज लागे.

देशाच्या मधोमध असल्याचा असा उपयोग नागपूरला झाला. झिरो माइलचा दगड बघायला सगळे जातात, सोनेगावच्या त्या रात्री कोणाला आठवत नाहीत.

नकाशावेडा
टपालवाला काका, _/\_ यावर स्वतंत्र धागा काढाच.

सोनेगावचा_सोन्या
आमच्या आबांनीही सांगितलं होतं बाप्पा हे! मले वाटे, गोष्ट सांगून राह्यले.

पट्ट्यापलीकडची
मी एका विमानतळावर जमिनीवरचं काम बघते, कुठल्या ते सांगत नाही. ओसरी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नासाठी कामाच्या चार गोष्टी.

शक्य असेल तेव्हा दिवसाचं पहिलं विमान धर. ते बहुतेक वेळा आदल्या रात्रीच तिथे येऊन उभं असतं. संध्याकाळचं विमान सकाळपासून पाच-सहा शहरं फिरून आलेलं असतं. दिल्लीला सकाळी धुकं पडलं तर तिथला उशीर दिवसभर साचत साचत संध्याकाळी तुझ्या पदरात येतो. तुझी ५५ मिनिटं अशीच कुठून तरी आली असतील.

देशातल्या प्रवासात बॅग द्यायची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते, विमानाचं दार २५ मिनिटं आधी. हातातलीच बॅग, घरूनच केलेलं चेक-इन आणि डिजियात्रा (चेहरा ओळखून आत सोडणारी सोय) असेल तर पहाटे सव्वा तास आधी पोचलीस तरी चालतं. संध्याकाळी मात्र दोन तास आधी पोचायलाच हवं, सुरक्षेची रांग मोठी असते.

अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणंपिणं देणं कंपनीला बंधनकारक आहे. सहा तासांच्या पुढे गेला तर दुसरं विमान किंवा सगळे पैसे परत. लोक मागतच नाहीत. मागावं.

आणि परत येताना पुण्यात टॅक्सीसाठी एरोमॉलपर्यंत (विमानतळाच्या पार्किंगच्या इमारतीपर्यंत) चालावं लागतं, तो वेळ हिशोबात धर.

चालकमालक
पण दुपारी दोनला फोन आला तर दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत थांबायचं? त्यापेक्षा गाडी काढली की रात्री बाराला घरी.

गजानन_कृपा
नको. काळजीत असलेल्या माणसाने रात्री गाडी चालवू नये. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली बस पेटली, २५ माणसं गेली. त्यात आमच्या ओळखीच्यांचं घर होतं. रस्ता चांगला आहे हे मीही म्हणतो. पण सरळ रस्ता, रात्र आणि डोक्यात फोनवरचं बोलणं, हे तिन्ही एकत्र नको.

चालकमालक
तुमचं ऐकलं, काका. वाद घालत नाही. मी स्वतः एकदा मेहकरच्या पुढे रात्री दीडला दचकून जागा झालो होतो, हात स्टीअरिंगवर होते आणि गाडी डाव्या पट्ट्यावरून सरकत होती. बायको शेजारी झोपली होती. तिला अजून सांगितलेलं नाही. तेव्हापासून मी पहाटेच निघतो. वर जे 'रात्री बाराला घरी' लिहिलं ते ताईंसाठी मागे घेतो.

मुक्काम_अकोला
इतकं वाचून लिहितेय. मी पाच वर्षांपूर्वी रात्रीच्या गाडीने नागपूरला निघाले होते, वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं म्हणून. पहाटे अकोल्याला गाडी उभी असताना भावाचा फोन आला. खाली चहावाला ओरडत होता, त्यामुळे भाऊ काय म्हणाला ते मला दोनदा विचारावं लागलं. पुढचे चार तास गाडीत मी काय केलं ते आठवत नाही. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी बडनेऱ्यापासून माझा हात धरून ठेवला होता, एवढंच.

विमानाने गेले असते तर भेटले असते का? संध्याकाळचं विमान होतं, महाग वाटलं म्हणून घेतलं नाही. ओसरी, जे पहिलं निघतं ते घे. पैशांचा विचार नंतर.

थेम्सकाठी
ताई, 🙏

अनाहूत
मुक्काम_अकोला, वाईट वाटलं वाचून. ओसरी, माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता. माझी आई माझ्याजवळच असते, त्यामुळे लांबून काळजी करणं काय असतं ते मला कळलं नव्हतं. एक सुचवतो: तुम्ही पोचेपर्यंतचे तास कोण सांभाळणार ते आधीच ठरवून ठेवा. काकूंकडे दाराची एक किल्ली, डॉक्टरांचा नंबर, औषधांची यादी आणि विम्याच्या कागदांची झेरॉक्स. चार तास असोत की सात, त्या वेळात तिथे एक माणूस हवा.

ओसरी
अनाहूत, किल्ली नव्हती काकूंकडे! त्या दिवशी आई सरपटत दारापर्यंत आली आणि डाव्या हाताने कडी काढली. आता किल्ली दिली आहे, यादीही फ्रिजवर लावली आहे. मनापासून आभार.

ओसरी (अठरा दिवसांनी)
धागा वर काढतेय, हिशोब द्यायचा राहिला होता.

हाताचा एक्स-रे पुन्हा काढायचा होता म्हणून परवा गेले. पट्ट्यापलीकडचीचं ऐकून पहिलं विमान, सोन्याचं ऐकून फक्त पाठीवरची बॅग. वेळा लिहून ठेवल्या:

घर सोडलं ४:००. गुंजन चौक रिकामा, एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपलं होतं. लोहगाव ४:३५. विमान जागचं हललं ६:०३, चाकं सुटली ६:१४, टेकली ७:१०. हवेत ५६ मिनिटं. (काका, येताना ६१ लागली. वारा तोंडावर होता की काय ते तुम्हीच सांगा.) बाहेर ७:२८, आईच्या फाटकात ७:४८.

तीन तास अठ्ठेचाळीस मिनिटं! तेच ६०५ किलोमीटर आणि जवळजवळ तीन तास कमी.

नकाशावेडा, उजवीकडची खिडकी घेतली होती. गोदावरी दिसली. ऊन नुकतं पडत होतं आणि पात्र तांब्याच्या तारेसारखं चमकत होतं. वाशीम ओळखता आलं नाही, पण अंदाजाने हात जोडले.

आणि घरी पोचल्यावरची गोष्ट. आमच्या जैताळ्याच्या बाजूने विमान उतरत असलं की गच्चीवरून स्पष्ट दिसतं. आई पहाटेपासून गच्चीत, हात गळ्यात अडकवलेला. विमान दिसल्याबरोबर खाली येऊन तिने डाव्या हाताने चहाचं आधण ठेवलं. मी येईपर्यंत ते दोनदा आटलं होतं, दोनदा तिने पाणी वाढवलं होतं. म्हणाली, 'डोक्यावरून गेलीस की अग, मग एवढा वेळ कुठे होतीस?'

वातकुक्कुट
पाच मिनिटांचा फरक अगदी अपेक्षेप्रमाणे. फार बरं वाटलं. एक्स-रे कसा आला?

ओसरी
हाड जुळत आलंय. अजून दोन आठवडे प्लास्टर.

पट्ट्यापलीकडची
आईंना सांग, विमान दिसल्यावर अर्धा तास थांबून आधण ठेवा. टेकल्यापासून फाटकापर्यंत तुला ३८ मिनिटं लागली आहेत.

ओसरी
वाचून दाखवलं तिला आत्ता फोनवर. म्हणाली, 'आटलं तर आटू दे, मी ठेवणार.'